दहा कामट्यांची चांदणी

डिसेंबरात थंडीचा कडाका वाढला की नागपुरातल्या शाळांच्या पालकसभांत आणि सोसायट्यांच्या बैठकांत एक वाद हमखास निघतो. यंदा तो आमच्या सोसायटीत निघाला. 25 डिसेंबरला खाली पार्किंगमध्ये मुलांसाठी नाताळ करायचा का, एवढाच प्रश्न होता. एक बाजू म्हणाली, आपल्या मुलांना परक्यांचे सण कशाला, त्या दिवशी तुळशीपूजन ठेवा. दुसरी म्हणाली, हा सर्वधर्मसमभावाचा प्रश्न आहे, नाताळ झालाच पाहिजे. दोन तास आवाज चढत गेले. जुने हिशेब निघाले, गणपतीच्या वर्गणीचाही विषय निघाला. शेवटी बहुमताने ठरलं की नाताळ करायचा, आणि पुढच्या पाच मिनिटांत एकाने मोबाइलवरून सहा फुटी प्लॅस्टिकचं झाड, चमकणाऱ्या माळा आणि लहान मुलांचे सांताचे बारा ड्रेस मागवून टाकले. विरोध करणारे घुश्शात उठून गेले, जिंकलेल्यांनी समाधानाने चहा घेतला. जिना चढून घरी येताना मला वाटत होतं की दोन्ही बाजू हरल्या आहेत. आणि ज्या मुलांसाठी हे सगळं चाललं होतं, त्यांना तर कोणी काही विचारलंच नव्हतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. नाताळ करावा. शाळेत करावा, सोसायटीत करावा. पण तो मुलांनी आपल्या हातांनी करावा, घरात आणि आसपास जे सापडेल त्यातून करावा, आणि ज्यांचा तो सण आहे त्यांच्या सोबतीने करावा. हे जमत नसेल तर खुशाल करू नये. विकत आणून उभा केलेला नाताळ मुलांना काहीच देत नाही, आणि विकत आणून उभी केलेली दिवाळीही देत नाही. सण कोणाचा, यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत. सण केला कोणी, हे एकदा तरी विचारलं असतं, तर यातलं निम्मं भांडण उरलं नसतं.

हे मला कुठल्या चर्चासत्रात सुचलेलं नाही. माझं बालपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. आमच्या ओळीत तेलुगू होते, छत्तीसगढी होते, दोन बौद्ध घरं होती, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहायचं. त्या घरातल्या बाईंना ओळीतली सगळी पोट्टी काकू म्हणायची. डिसेंबर अर्धा सरला की काकू अंगणात बांबूच्या कामट्या भिजत घालायच्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो की दप्तरं फेकून आम्ही आठ-दहा जण तिथे हजर. चांदणीला सारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात. पाच एकमेकींत गुंतवून एक चपटी चांदणी, पाचांची दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवायच्या आणि पाचही टोकं दोऱ्याने करकचून बांधायची. "काहून धसमुसळेपणा करता बे पोट्टेहो, हळू बांधा," असं काकू प्रत्येक गाठीला म्हणायच्या. मग आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर लांबीचे पाच तुकडे उभे अडकवायचे. शेवटचा तुकडा बसला की जमिनीवर सपाट पडलेल्या त्या काड्यांचं पोट एकदम फुगायचं आणि चांदणी हातात उभी राहायची. त्या क्षणी आम्ही जे ओरडायचो, ते अजनी स्टेशनपर्यंत ऐकू जात असेल. तेव्हा संक्रांतही तोंडावर आलेली असायची, त्यामुळे जुन्या शुक्रवारीतून पतंगांचे कागद आधीच आलेले असायचे. त्यातलेच लाल-पिवळे ताव चांदणीला लागायचे. खळ मैद्याची, आणि किडे लागू नयेत म्हणून काकू स्वतःच्या हाताने त्यात चिमूटभर मोरचूद टाकायच्या. त्यामुळे बोटं तोंडात घालायची नाहीत ही ताकीद रोज मिळायची. आत झिरोचा बल्ब. साठचा लावला तर कागद करपतो, हे आम्ही एक चांदणी करपवून शिकलो होतो.

झाडाचं काय करायचं? अजनीत सूचिपर्णी झाड कुठून येणार? काकूंचे भाऊ कळमेश्वरकडे शेती करायचे. ते येताना वावरातली एक चांगली उंच पऱ्हाटी उपटून आणायचे, बोंडं फुटलेली, कापूस तसाच लोंबत असलेली. पत्र्याच्या डब्यात माती भरून ती उभी केली की झाड तयार आणि बर्फही तयार. जगभर लोक हिरव्या झाडावर बर्फ म्हणून कापूस चिकटवतात; आमच्या झाडाला तो उगवलेलाच असायचा. फ्यूज उडालेले बल्ब रंगवून टांगायचे, चहाच्या पुड्यातली चांदी कापून झिरमिळ्या करायच्या, आणि केकसाठी फोडलेल्या अंड्यांची टरफलं धुऊन त्यांच्यावर नाक-डोळे काढून कापसाच्या दाढ्या लावायच्या. गोठ्याला तणस, बाळ चिंध्यांचं, मेंढ्या मातीच्या. आणि बैल? तो माझ्या भावाचा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल. चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला. ऑगस्ट-सप्टेंबरात ज्याला घेऊन तो घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरायचा, तोच डिसेंबरात बेथलेहेमच्या गोठ्यात येशूच्या गव्हाणीशेजारी उभा असायचा. कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता पलीकडच्या बाजूचं म्हणणं घेते, कारण ते सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही. हा सण परका आहे, असं ते म्हणतात. सहा फुटी प्लॅस्टिकचं पाइन, स्लेजगाडी आणि रेनडिअर हे पाहिलं तर मीही म्हणेन, हो, परका आहे. पण मग प्रश्न येतो, कोणाला परका? इंग्लंडमध्ये प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंटांचा जोर होता तेव्हा 1647 मध्ये तिथल्या पार्लमेंटनेच नाताळ बंद केला. बायबलमध्ये ही तारीख कुठे नाही, हे मूर्तिपूजकांचं थेर आहे, असा त्यांचा आक्षेप होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला आणि तो कायदा 1681 पर्यंत टिकला. म्हणजे हा सण आपला नाही, असं सर्वांत कडवटपणे म्हणणारे लोक स्वतः ख्रिस्ती होते. आणि आपल्या नागपूरचं पाहा. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. 1863 मध्ये टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात ते बुडून वारले. पण ज्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेतून ते आले, तिच्यात नाताळ जवळपास पाळलाच जात नव्हता. खुद्द स्कॉटलंडमध्ये 25 डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती 1958 मध्ये! मग अजनीच्या क्वार्टरमध्ये करंज्यांचा नाताळ आला कुठून? थोडा सदरच्या कॅथलिक मंडळींकडून आला असेल, थोडा कामठीच्या छावणीतल्या गोऱ्या पलटणींकडून. पण पऱ्हाटीचं झाड आणि तान्ह्या पोळ्याचा बैल कोणी बोटीतून आणला नव्हता. तो नाताळ इथल्या बायकांनी आणि पोरांनी केला, म्हणून तो इथला झाला.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट याच वाटेवरची आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. ते साल 1893. दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि मग आयुष्यभर काय केलं? ख्रिस्ताला अभंगात आणलं, भजनात आणलं, कीर्तनाला उभं केलं. त्यांनी तयार गीतांचं भाषांतर करून भागवलं असतं, तर मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी आज उसनी गाणी असती. परकं ते आपलं होतं ते असं, घडवण्यातून होतं. आणि गोठ्यातला तो बैल? शुभवर्तमानात गव्हाणी आहे, बैलाचा उल्लेख नाही. इटलीतल्या ग्रेचो गावात 1223 मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळचा गोठा मांडला तेव्हा गावातलाच खराखुरा बैल आणि गाढव आणून उभं केलं, गवत पसरलं. जवळ जे होतं ते त्याने घेतलं. माझ्या भावाचा लाकडी बैल त्याच रीतीने गोठ्यात शिरला होता.

राहता राहिली तारीख. 25 डिसेंबर एकट्या नाताळच्या नावावर लिहिलेला नाहीच. 1927 मध्ये याच दिवशी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, आणि दीक्षाभूमीच्या या शहरात तो दिवस त्यासाठी मोठ्या श्रद्धेने पाळला जातो. मदनमोहन मालवीय आणि अटलबिहारी वाजपेयी यांचाही जन्म याच तारखेचा. एका दिवसात इतकं सगळं मावतं, तर तुळशीचं पूजनही मावेल. ज्यांना करायचं त्यांनी मनापासून करावं. पण दुसऱ्याचा सण अडवण्यासाठी तुळस पुढे करायची, हे मला पटत नाही. माझी आजी रोज सकाळी तुळशीला पाणी घालायची. तिला ती कधी कोणाच्या विरोधात लावावी लागली नाही.

त्याच आजीने मला या वादातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट दाखवली. अंड्याच्या टरफलाचा सांता मी हौसेने घरी आणला तेव्हा ती दारातच म्हणाली, "त्यायच्या घरी जाय, खाय, खेळ. पण ते टरफल माह्या देवघराच्या भिंतीले नको लावजो." मी रडले. काकूंनी ते टरफल परत घेतलं, आपल्या खिडकीत टांगलं आणि आजीला चांदी कापून केलेली झिरमिळी पाठवली. आजीने ती तुळशीवृंदावनाजवळच्या खिळ्याला अडकवली. झालं. सोवळं पाळलं गेलं आणि सणही झाला. रेषा कुठे आहे हे दोघींना ठाऊक होतं, आणि ती ओलांडायला लावण्यात दोघींपैकी कोणालाही मोठेपणा वाटत नव्हता. म्हणून शाळेतल्या सक्तीबद्दल जे पालक तक्रार करतात, त्यांच्या बाजूने मी उभी आहे. घटनेच्या 28 व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण वा उपासना लादता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर ती संमती पालकांची लागते. शेजारच्या मध्य प्रदेशात अलीकडे, मुलांना सांता करण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या, अशी पत्रं शाळांना गेली. परवानगी मागण्यात गैर काही नाही. पण अशा पत्रामागे शेजाऱ्याची भीती असेल, तर ती भीती मुलांपर्यंत पोहोचतेच. आमच्या ओळीतल्या एका मुलाला त्याचे वडील काकूंकडे पाठवत नसत. काकूंनी कधी बोलावण्याचा आग्रह केला नाही. त्याने आमच्या ओसरीवर बसून कामट्या तासायला मदत केली, आणि त्याच्या वडिलांनी त्याला कधी हटकलं नाही.

आता जिंकलेल्या बाजूकडे वळते, कारण माझी खरी तक्रार तिच्याबद्दल आहे. सर्वधर्मसमभावाच्या नावाने त्यांनी काय मागवलं? बारा लाल ड्रेस. मायराचा बिशप संत निकोलस ही खरी व्यक्ती होती, आजच्या तुर्कस्तानातली. पण आपण ज्याला सांता म्हणून ओळखतो त्या गोल, लाल, दाढीवाल्या आजोबांचं रूप 1863 पासून अमेरिकेतल्या साप्ताहिकात थॉमस नास्ट या चित्रकाराने घडवत नेलं आणि 1931 पासून कोका-कोलाच्या जाहिरातींतून हॅडन संडब्लॉमने जगभर पोहोचवलं. चर्चच्या उपासनेत या आजोबांना जागा नाही. म्हणजे एक बाजू ज्याला ख्रिस्ती म्हणून हाकलते आहे आणि दुसरी ज्याला ख्रिस्ती म्हणून डोक्यावर घेते आहे, तो मुळात जाहिरातीतला पाहुणा आहे. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. त्यांची मुलगी इथल्याच मुलांबरोबर खेळते. त्या दोन तासांत त्यांच्या बाजूने पुष्कळ बोललं गेलं. त्यांना मात्र कोणी विचारलं नाही की तुमच्या घरी नाताळ कसा असतो, आम्ही येऊ का, तुमची आई काय काय करते. शेजाऱ्याचा आदर करायचा तर आधी त्याची बेल वाजवावी लागते. ती न वाजवता मुलाच्या अंगात लाल पायजमा चढवणं हा समभाव कसा?

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. आपल्या मुलांना आपलेच सण माहीत नाहीत आणि तुम्ही नाताळ घेऊन बसलात, असं मला एका जुन्या मैत्रिणीने सुनावलं. तिचं दुःख खरं आहे. भुलाबाईची गाणी येणाऱ्या मुली आज शहरात शोधाव्या लागतात. खिरापत ओळखायचा तो खेळ, तो दंगा, सगळं आमच्या डोळ्यांदेखत गेलं. पण ते नाताळने घालवलं का? आमच्या ओळीत ज्या मुली भुलाबाईची गाणी म्हणत दारोदार फिरायच्या, त्याच मुली डिसेंबरात काकूंबरोबर कॅरल म्हणत फिरायच्या. ज्या हातांना एक येत होतं, त्यांना दुसरंही येत होतं. आज दोन्ही येत नाही, कारण दोन्हींची जागा एकाच गोष्टीने घेतली आहे: तयार संच, तयार पोशाख, फोटो, संपलं. तान्ह्या पोळ्यालाही आता अनेक ठिकाणी बैलापेक्षा मुलाच्या फेट्याचीच चर्चा जास्त असते.

याच्या उलट नागपूरचाच एक सण पाहा. मारबत म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीच्या रस्त्यांवर "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गजर होतो, आणि सोबत बडगे असतात, म्हणजे कागदाचे, बांबूचे, जुन्या कपड्यांचे पुतळे. कधी महागाईचा बडग्या, कधी भ्रष्टाचाराचा, कधी रोगराईचा. दर वर्षी नवे, वस्तीतल्या पोरांनी गल्लीत बसून केलेले. सव्वाशेहून जास्त वर्षं हा सण जसाच्या तसा जिवंत कसा राहिला? त्यावर किती व्याख्यानं झाली? संस्कृती वाचवा म्हणून किती मोर्चे निघाले? काहीच लागलं नाही, कारण बडग्या करावाच लागतो. तयार बडग्या मिळत नाही. ज्या दिवशी तो दुकानात टांगलेला मिळू लागेल, त्या दिवसापासून मारबतीचीही काळजी करायला लागेल.

एका आक्षेपापुढे मी बराच वेळ थांबले. हाताने करायला वेळ कोणाला आहे, असं लोक विचारतात, आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: हाताने म्हणजे शेवटी कोणाच्या हाताने? आईच्याच ना? हे खरं आहे. माझ्या भाचीच्या शाळेने गेल्या वर्षी, उद्या घरून ख्रिसमस ट्री बनवून आणा, असा निरोप पाठवला आणि माझी बहीण रात्री बारापर्यंत हिरवा कागद कापत बसली. मुलगी केव्हाच झोपली होती. अशा हस्तकलेपेक्षा विकतचं झाड शंभर पटीने बरं. घरगुती सणाच्या गोड आठवणी सांगताना, त्या घरात राबणारी एक बाई होती हे आपण विसरतो. काकूही राबायच्या. पण चांदणी त्यांनी केली नव्हती. त्यांनी कामट्या भिजवल्या, खळ शिजवली आणि मग खाटेवर बसून स्वेटर विणत आमच्यावर ओरडल्या. वेडीवाकडी गाठ त्यांनी कधी सोडून पुन्हा बांधली नाही. मोठ्यांनी एवढंच करायचं असतं.

आणि हे काम घरावर ढकलायचंच कशाला? ते शाळेच्या वेळात झालं पाहिजे. नागपूरहून दीड तासावर वर्धा आहे. तिथे ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी बोलावलेल्या शिक्षण परिषदेत, हाताचं काम हेच शिक्षणाचं माध्यम असावं, हा विचार मांडला गेला. मग झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला आणि नई तालीम म्हणून तो देशभर गेला. त्या विचाराच्या इतक्या जवळ राहून आपण आज हस्तकलेचा तास परीक्षेच्या सरावाला देऊन टाकतो. चांदणीत शिकण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं तर मला जर्मनीतल्या नीस्की गावची शाळा आठवते. मोरेव्हियन पंथाच्या त्या शाळेत 1830 च्या दशकात मुलांना भूमितीच्या तासाला कागदाचे टोकदार शंकू करून जोडायला लावले, आणि त्यातून जी अनेक टोकांची चांदणी निघाली ती आज जगभरच्या ख्रिस्ती घरांत नाताळात लागते. नाताळच्या सर्वांत देखण्या वस्तूंपैकी एक अशी गणिताच्या तासातून जन्मली. आमची अजनीची चांदणीही वेगळी नव्हती. पाच टोकांमधलं अंतर सारखं कसं ठेवायचं, एक कामटी तसूभर लांब झाली तर सगळी चांदणी का पिळवटते, हे मला कंपासपेटी हातात येण्याआधी कळलं होतं.

दुकानदारांच्या पोटावर पाय का आणता, असंही म्हणतील. सीताबर्डीच्या रस्त्यावर टोप्या आणि माळा विकणाऱ्या माणसाबद्दल मला आस्था आहे. पण कामट्या बुरडाकडून घ्याव्या लागतात, कागद पतंगवाल्याकडून, सुतळी किराणावाल्याकडून. चीनमधल्या यीवू शहरातून येणाऱ्या मालापेक्षा हा पैसा गावातच जास्त फिरतो. हा मुद्दा इथेच सोडते.

कारण मला ज्याबद्दल खरं बोलायचं आहे ते निराळंच आहे. या सगळ्या वादात एक शब्द कोणीच उच्चारत नाही, आणि तो म्हणजे दंगा. एक बाजू संस्कार म्हणते, दुसरी मूल्यं म्हणते. मूल सणाला कशासाठी धावतं? दंग्यासाठी. आमच्याकडे दर वर्षी नाटक व्हायचं. तीन मागी राजे पूर्वेकडून उंटावर बसून यायचे. उंट म्हणजे सोलापुरी चादरीखाली वाकलेली दोन मुलं. पुढचा उंट अजनी पुलाच्या दिशेने निघायचा, मागचा काकूंच्या दाराकडे, आणि मधला राजा टॉवेलच्या फेट्यासकट धुळीत पडायचा. एका वर्षी योसेफ झालेल्या मुलाची दाढी खळीने इतकी पक्की चिकटली की दुसऱ्या दिवशी तो दाढीनिशी शाळेत आला. रात्री मेणबत्त्यांभोवती बसून आम्ही संत्री खायचो, आणि साल दुमडून ज्योतीजवळ चिमटली की तिच्यातल्या तेलाचे फवारे तडतडत पेटायचे. निळसर, पिवळ्या ठिणग्या, आणि सगळीकडे संत्र्याचा वास. फुलबाजी त्यापुढे फिकी. ती रोषणाई जगात दुसरीकडे कोणाला सुचली असेल की नाही, ठाऊक नाही. आमच्यासाठी नाताळ म्हणजे तो वास.

या वेडेपणाला मी फार मोठी गोष्ट मानते. उंटाचं मागचं अंग झालेला मुलगा मुसलमान होता, पुढचं अंग झालेला तेलुगू ब्राह्मण. चादरीखाली दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि दोघंही हसून हसून रडले. ते दोघं आज पन्नाशीला आलेत, वेगळ्या शहरांत आहेत, आणि अजूनही एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातात. सहिष्णुतेवरचं कुठलं भाषण हे करू शकलं असतं? आजच्या कार्यक्रमात मुलं रांगेत उभी राहतात, पाठ केलेल्या हातवाऱ्यांवर नाचतात, समोर मोबाइल धरलेल्या आया-बापांकडे पाहतात. चूक झाली तर लाजेने कोमेजतात. आमच्या नाटकात चूक हाच कार्यक्रम होता. जिथे चुकायला जागा नाही तिथे ओळख होत नाही, फक्त हजेरी लागते. आणि ओळख झाली नाही तर पुढे मोठेपणी कोणीही येऊन कोणाहीबद्दल काहीही सांगावं, खोटं आहे हे सांगणारी आठवण आपल्यापाशी नसते.

मला कोणी म्हणेल की तुम्ही जुन्या दिवसांना सोन्याचा मुलामा देताय. त्या क्वार्टरमध्ये भांडणं होती, जातही होती, नळावर बादल्यांची रांग लावताना कोण कोणाच्या पुढे यावरून तोंडं फिरलेली होती. मी काही विसरलेले नाही. पण त्याच ओळीत वर्षातले दहा दिवस असे होते की मुलांचे हात एकाच खळीने चिकट झालेले असायचे, आणि त्या दहा दिवसांनी बाकीच्या दिवसांना सांभाळून घेतलं. आपल्या आजच्या बंद दारांच्या इमारतींत नळाची भांडणं नाहीत, हे चांगलंच आहे. पण ते दहा दिवस आपण कुठे ठेवलेत?

मी सोसायटीच्या सचिवांना पत्र दिलं आहे. ड्रेस परत पाठवता येत असतील तर पाठवा, झाड आलंच तर राहू द्या. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये कामट्या, कागद आणि खळ मी आणते. ज्या मुलांना यायचं त्यांनी यावं, ज्यांच्या घरी चालत नसेल त्यांनी येऊ नये, नुसतं बघायला आलेल्यालाही हाकलणार नाही. मोठ्यांनी गाठी सोडून पुन्हा बांधायच्या नाहीत, एवढी एकच अट. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंची बेल मी परवा वाजवली. त्या आधी दारातच उभ्या राहून ऐकत होत्या, मग आत बोलावलं. त्यांच्या माहेरी कामठीला गोठा मांडायचे, म्हणाल्या. तणस कुठे मिळेल हे त्यांनाच ठाऊक होतं. फक्त बैल नाही, असं त्या म्हणाल्या.

बैल माझ्याकडे आहे. भावाने तो मला देऊन टाकलाय. एक शिंग गेलंय, एक चाक हलतं, आणि पाठीवर मेणाचा वाळलेला डाग आहे, काकूंच्या गोठ्यातली मेणबत्ती कलंडली होती तेव्हाचा. पुढच्या तान्ह्या पोळ्याला आजी तो डाग नखाने खरवडायला बसली होती. थोडा खरवडला, बैलाकडे पाहिलं, आणि बाकीचा तसाच ठेवून त्याच्या शिंगांना बेगड लावायला घेतलं.